रस्त्याच्या उत्तरेकडचं शेत

हाउगेन, उत्तर डकोटा
९ नोव्हेंबर १९७८

प्रिय आर्विड,

उन्हाळ्यापासून तुझं पत्र नाही, म्हणजे तू मजेत असणार. अडचण असली की तुला चुलत बहीण लगेच आठवते, हा माझा साठ वर्षांचा अनुभव आहे. या वेळी अडचण माझी आहे, म्हणून मी लिहितेय.

रस्त्याच्या उत्तरेकडचं तुझं शेत. जूनमध्ये तुझ्या त्या क्लेटननं बुलडोझर घालून तिथली झाडं मुळासकट काढली, तेव्हा मी काय बोलले ते तुझ्या कानावर आलंच असेल. मी रस्त्यात उभी राहून बोलले आणि तेव्हापासून त्याचं तोंड पाहिलेलं नाही. कुळानं शेत कसावं, झाडांना हात कशाला लावावा? असो. झाडं गेली ती गेली. पण ती झाडं तुझ्या शेतासाठी नव्हती, रस्त्यासाठी होती. परवा यंदाचा पहिला मोठा वारा आला. बर्फ पडत नव्हता. आधी पडलेला होता तोच तुझ्या सपाट शेतावरून सरकत आला आणि रस्त्यावर येऊन बसला. आमचं घर ते डांबरी सडक या एका मैलात कमरेएवढे ढीग.

हेल्मरचं तुला ठाऊक आहे. माझ्या नवऱ्याची मूत्रपिंडं गेल्यातच जमा आहेत. आठवड्यातून तीनदा फार्गोच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागतं, आणि जायला हाच एक रस्ता. एक खेप चुकली तर त्याच्या पायांवर सूज येते. दोन चुकल्या तर श्वास लागतो. तीन चुकल्या तर काय होतं हे डॉक्टरांनी त्याच्यासमोर सांगितलं नाही, मला बाहेर बोलावून सांगितलं.

रस्तेखात्याची माणसं तुझ्या शेतात बर्फ अडवायला लाकडी पट्ट्यांचं कुंपण लावून द्यायला तयार आहेत. त्यांना फक्त मालकाची संमती हवी. सोबत कागद पाठवतेय. सही कर आणि उलट टपाली पाठव. जमीन खोलवर गोठली की खुंट ठोकता येणार नाहीत.

तुझी,
सिग्ने


मेसा, ॲरिझोना
२४ नोव्हेंबर १९७८

प्रिय सिग्ने,

तुझं पत्र वाचलं आणि तुझा आवाजच ऐकू आला. शाळाशाळा खेळताना तू मला अशीच फळ्यापुढे उभं करायचीस.

हेल्मरबद्दल वाचून वाईट वाटलं. त्याला म्हणावं, इकडे ये. मी सकाळी नुसत्या शर्टात अंगणात बसतो. शेजाऱ्यांच्या झाडाची संत्री खोक्यात घालून पाठवली आहेत, पोहोचली की कळव. हेल्मरला चालतात की नाही ते डॉक्टरांना विचार.

झाडांचं म्हणशील तर क्लेटननंच फार धरलं. त्याची यंत्रं मोठी, वळवायला जागा लागते. कसणाऱ्याला किती अडवणार? कुंपणाबद्दलही त्याला विचारावं लागेल. वसंतात पेरणीच्या वेळी ते वेळेवर निघालं नाही तर तो माझ्या डोक्यावर बसेल. मी त्याच्याशी बोलतो. तू बोलू नकोस, तुझ्या बोलण्यानं काम बिघडेल.

तोवर रेडिओ ऐकत जा. बर्फ पडणार असेल त्या दिवशी निघू नका, आकाश मोकळं असेल तेव्हा जा. इतकं साधं आहे.

तुझा,
आर्विड


हाउगेन
४ डिसेंबर १९७८

आर्विड,

संत्री पोहोचली. गोठलेली होती. हेल्मरला ती चालत नाहीत, त्यांतल्या कशानं तरी हृदय बिघडतं म्हणे. गाईंना घातली.

सहीचा कागद पोहोचला नाही.

आकाश मोकळं असेल तेव्हा जा, असं तू लिहितोस. आर्विड, तू इथे जन्मलास. मेसात राहून तुझं डोकं उन्हात वाळलं का? बुधवारी सकाळी आकाश इतकं निळं होतं की डोळे दुखावेत. रेडिओवर हवामान स्वच्छ. आम्ही निघालो, आणि फाटकापाशी पोहोचेतो वारा उठला. आधी घोट्याएवढा बर्फ वाहायला लागला, पाणी वाहावं तसा, रस्त्यावरून आडवा. मग गुडघ्याएवढा. मग गाडीचं नाक दिसेना. आणि वर बघावं तर ऊन. हेल्मर काच खाली करून वर बघत म्हणाला, "छान दिवस आहे." त्याला हे असले विनोद अजून सुचतात. मी मागे मागे गाडी घेत घरी आले. बुधवारची खेप बुडाली.

तू विसरला असशील म्हणून लिहिते: आपली माणसं याला भुईवादळ म्हणायची. त्याला आभाळातून काही लागत नाही. पडलेला बर्फ, सपाट जमीन आणि वारा, एवढं पुरतं. सपाट जमीन तू पुरवली आहेस.

रस्तेखात्याचा ट्रक गुरुवारी कुंपण घेऊन आला. फोरमननं विचारलं, "सही?" मी म्हणाले, येतेय. तो भला माणूस आहे, थोडा थांबलाही. मग म्हणाला, "बाई, कागदाशिवाय मी दुसऱ्याच्या शेतात खुंट ठोकला तर माझी नोकरी जाईल." ट्रक परत गेला. आणखी एकदा येईन म्हणालाय, नाताळच्या आत.

तू सोमवारी हे पत्र उघडशील. मंगळवारी सही कर. पेन उचलायला क्लेटनची परवानगी लागत नाही.

सिग्ने


मेसा
१८ डिसेंबर १९७८

प्रिय सिग्ने,

रागावू नकोस. मी क्लेटनशी फोनवर बोललो. तो ऐकत नाही. शिवाय माझ्या वकिलाचं म्हणणं असं की उद्या त्या कुंपणात अडकून कोणाला इजा झाली तर जबाबदारी माझ्यावर येईल. तुला वाटतं तितकं हे सरळ नाही. मी प्रयत्न करतोय, एवढंच सांगतो.

खरं सांगू का? तुम्ही दोघांनी हिवाळ्यापुरतं तरी फार्गोला खोली घेऊन राहायला हवं. हेल्मरची अशी तब्येत, तुझं वय, आणि त्या माळावर हट्टानं राहायचं, याला काय अर्थ आहे? गाई कोणीही सांभाळेल. तू लहानपणापासून प्रत्येक गोष्ट थोडी वाढवून सांगतेस. वारा काय, दर वर्षी असतो. आपण शाळेत जायचोच ना?

नाताळच्या शुभेच्छा. हेल्मरशी माझ्या वतीनं हात मिळव.

आर्विड


हाउगेन
८ जानेवारी १९७९

आर्विड,

नाताळच्या आत फोरमन आला आणि परत गेला. तुझ्या शुभेच्छा त्यानंतर पोहोचल्या.

आता शांतपणे वाच. मी काहीही वाढवून लिहिणार नाही.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात वाऱ्यामुळे शुक्रवारची खेप बुडाली. रविवारी हेल्मरला आडवं झालं की श्वास घेता येईना, म्हणून तो खुर्चीत बसून राहिला. सोमवारी सकाळी पानही हलत नव्हतं, अर्थात हलायला पान आहे कुठे. आकाश स्वच्छ. मी पिकअपमध्ये घोंगड्या, फावडं, कॉफी घेतली आणि निघालो.

तुझ्या शेताच्या मध्यावर वाऱ्यानं गाठलं. मी थांबले नाही, कारण थांबलं की गाडी रुतते. पण पुढे ढीग होता तो मला दिसलाच नाही. पिकअप त्यात नाकापर्यंत घुसली. मागे जाईना, पुढे जाईना.

सुरुवातीला मी घाबरले नाही. इंजिन थोडं चालवायचं, गाडी ऊबदार करायची, बंद करायचं. पण सायलेन्सर बर्फानं बुजतो आणि धूर आत येतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून गवताचे भारे बांधायची सुतळी दाराच्या मुठीला बांधली, दुसरं टोक कमरेला, आणि मागे जाऊन फावड्यानं सायलेन्सर मोकळा केला. गाडी हातभर अंतरावर होती आणि मला दिसत नव्हती. असं तीनचार वेळा केलं. एकदा डाव्या हाताचा मोजा वाऱ्यानं ओढून नेला.

मी परत आत आले तर हेल्मर कोटाची बटणं लावत होता.

"कुठे?" मी विचारलं.

"घरी. ते बघ, आपल्या कोठाराचं छप्पर दिसतंय. चालत जाऊन ट्रॅक्टर आणतो."

खरंच दिसत होतं, आर्विड. त्यात त्याची चूक नाही. भुईवादळ माणसाच्या डोक्याच्या जरा वरपर्यंतच असतं. गाडीत बसून वर पाहिलं की पांढऱ्या धुराच्या वर ते लाल छप्पर उन्हात चमकत होतं, हाकेच्या अंतरावर असल्यासारखं. पण खाली उतरून दोन पावलं टाकली की छप्परही नाही, गाडीही नाही, स्वतःचे पायही नाहीत. ज्यांना छप्पर दिसलं त्यांचीच प्रेतं मार्चमध्ये सापडतात.

"तुला जिना चढवत नाही," मी म्हणाले.

"जिना नाहीये. सपाट आहे."

"हेल्मर, बस."

"मी इथे बसून मरू का?"

"माझ्यासमोर मर. तिकडे जाऊन मरायचं नाही."

त्यानं दार उघडलं. मी त्याच्या कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि त्याला मागे ओढलं. तो मला ढकलत होता. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांवर हात टाकला नव्हता. शेवटी त्याचा श्वास संपला म्हणून तो बसला, माझं ऐकून नाही. त्याच्या छातीतून पाण्यासारखा आवाज येत होता.

दुपार उतरायला लागली तेव्हा काचेवर कोणीतरी थाप मारली. क्लेटन.

त्यानं सकाळी त्याच्या अंगणातून आमची पिकअप फाटकातून बाहेर पडताना पाहिली होती, आणि पलीकडे सडकेवर निघालेली पाहिली नाही. त्याचा तो मोठा ट्रॅक्टर आहे ना, ज्याला वळायला जागा लागते म्हणून झाडं गेली, त्याची केबिन इतकी उंच की तिथून वाहत्या बर्फाच्या वरून बघता येतं. आमच्या एरियलला लाल चिंधी बांधलेली होती, तेवढीच त्याला दिसली. पिकअप तशीच सोडून त्यानं आम्हाला केबिनमध्ये कोंबलं. हेल्मर त्याच्या मांडीवर जवळजवळ बसलेला. तो आम्हाला सडकेवर घेऊन गेला, तिथे त्यानं ट्रॅक्टरमधल्या रेडिओवरून बोलावलेली अँब्युलन्स बर्फ काढायच्या गाडीमागे आली.

वाटेत मी त्याला म्हणाले, "आज तुझे उपकार झाले. पण डिसेंबरात कुंपणाला हो म्हणाला असतास तर ही वेळ आली नसती."

तो म्हणाला, "कसलं कुंपण?"

मी सांगितलं. सह्या, पत्रं, तुझा फोन, तुझा वकील. त्यानं समोरचा एक ढीग वळसा घालून टाळला. मग म्हणाला, "सिग्नेबाई, आर्विडनं मला फोन केलेला नाही. आणि सही त्याची कशी चालेल? ऑक्टोबरपासून ते शेत माझं आहे. त्यानं मला विकलं. सिग्नेला मी स्वतः सांगतो, तू बोलू नकोस, असं तो मला म्हणाला होता."

"आणि झाडं?"

"झाडं काढून दे, मोकळं शेत लवकर विकलं जातं, असं त्यानंच सांगितलं. मी तेव्हा कुळ होतो. मला काय, झाडं असली काय नसली काय."

आर्विड, मी दोन महिने तुझ्या सहीसाठी हात जोडत होते. जो माणूस हो म्हणाला असता तो रस्त्यापलीकडे राहतो, आणि तुझ्या शब्दावर विसंबून मी त्याच्याशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, कोणी न सांगता, क्लेटननं बर्फ अडवायला पेंढ्याच्या मोठ्या गोल गठड्या शेतात रांगेनं आणून ठेवल्या. एका दुपारचं काम.

हेल्मर वाचला. माझ्या डाव्या हाताची बोटं गोठली, दोन कदाचित काढावी लागतील. उजवा शाबूत आहे, म्हणून हे लिहू शकले.

सिग्ने


मेसा
१६ जानेवारी १९७९

सिग्ने,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

हो, विकलं. विकायचं झालं तर आधी तुम्हाला विचारीन, असा शब्द मी हेल्मरला दिला होता. पण तो आजारी पडला. आजारी माणसाला काय विचारायचं, असं मी मनाशी म्हटलं. मग तुझं पत्र आलं. पहिल्याच पत्राला खरं लिहिलं असतं तर तू एकदा ओरडली असतीस आणि संपलं असतं. तेव्हा लिहिलं नाही, आणि मग दर पत्रागणिक ते अवघड होत गेलं. वकील नाही. फोनही नाही. तू क्लेटनशी बोलत नाहीस याचा मला आधार वाटत होता, हेही लिहून टाकतो.

मी वसंतात येतो. माझ्या खर्चानं रोपं आणतो. क्लेटन हो म्हणाला तर तिथे पुन्हा झाडं लावतो, स्वतःच्या हातानं. आणखी काय करू ते सांग.

आर्विड


हाउगेन
२२ जानेवारी १९७९

आर्विड,

झाडं नकोत. वाऱ्याला अडवण्याएवढी व्हायला त्यांना दहा वर्षं लागतील. हेल्मरकडे दहा वर्षं नाहीत, माझ्याकडे आहेत की नाही ते माहीत नाही. तुला काहीतरी लावून, हात झटकून, बरं वाटून परत जायचंय. ते मला नको.

काय करू ते सांग, असं विचारलंस. सांगते. माझ्या हाताला बँडेज आहे, मला गाडी चालवता येत नाही. सोमवारी आणि शुक्रवारी क्लेटन नेतो. बुधवारी त्याला जमत नाही, त्याची स्वतःची जनावरं आहेत, आणि मी आणखी मागणार नाही. बुधवारी न्यायला माणूस हवा. तुला दोन हात आहेत, नोकरी नाही, आणि या रस्त्यावर तू गाडी शिकलास.

ये आणि बुधवार सांभाळ. येणार नसशील तर पत्र पाठवू नकोस, मला ती वाचायचा कंटाळा आलाय.

सिग्ने


फार्गो
८ फेब्रुवारी १९७९

सिग्ने,

हे हॉटेलातून लिहितोय आणि जाताना पेटीत टाकणार आहे.

मी आलो होतो. कळवलं नाही, कारण शेवटच्या क्षणी माझं पाऊल मागे पडलं तर, अशी मलाच भीती होती. मंगळवारी विमान उतरलं. बुधवारी सकाळी बसस्टँडवर गेलो, तर हाउगेनकडे जाणारा रस्ता बंद. मी खिडकीतल्या मुलीशी भांडलो. "आकाश बघ, एक ढग नाही," असं म्हणालो. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेरगावचे दिसता." माझी मान खाली गेली.

तुला फोन लावला, लागला नाही. तारा तुटल्या असाव्यात. दिवसभर खिडकीशी बसलो. रस्त्यावरचे दिवे वरून दिसत होते आणि खालची माणसं दिसत नव्हती. आजही रस्ता उघडेल असं नक्की सांगत नाहीत. परतीचं विमान आज दुपारी आहे. मला वाटतं मी उगाच आलो. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसणार, आणि तो रस्ताही तेच सांगतोय.

जातो. माफ कर.

आर्विड


हाउगेन
१४ फेब्रुवारी १९७९

आर्विड,

तू गाढव आहेस. हे मी तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं, पण तू तोंडच नेलंस.

हेल्मर फार्गोतच होता. वारा येणार हे क्लेटनला मंगळवारी दुपारीच कळलं, म्हणून त्यानं आम्हा दोघांना आदल्या दिवशीच हॉस्पिटलात पोहोचवलं. बुधवारचा अख्खा दिवस मी हेल्मरच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसून होते. तुझ्या पत्राच्या कागदावर हॉटेलचं नाव छापलंय. त्या हॉटेलची पाटी हेल्मरच्या खिडकीतून दिसते. मधे तीन गल्ल्या, आणि शहरात घरांचा आडोसा असतो, भिंती धरून चालता येतं. तू तिकडच्या खिडकीशी, आम्ही इकडच्या. रिकाम्या घरात फोन वाजत असेल, नाहीतर तारा तुटल्या असतील. हॉस्पिटलात एक फोन करावा, हे तुला सुचलं नाही. आठवड्यातून तीनदा तो जिथे जातो ते ठिकाण मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

रस्ता तुला काहीही सांगत नव्हता, आर्विड. रस्त्याला तू कोण हे ठाऊक नाही. गुरुवारी संध्याकाळी तो उघडला.

तुझं पत्र मी हेल्मरला वाचून दाखवलं. वाटलं तो चिडेल. त्यानं कागद हातात घेऊन हॉटेलचं छापलेलं नाव पाहिलं. मग म्हणाला, "एकटा बसला होता का दिवसभर?" मी म्हणाले, हो. "जेवला असेल ना?"

मला याचा राग आला. अजून आहे.

डॉक्टरांनी त्याला आता तिथेच ठेवून घेतलंय. ये-जा त्याला झेपत नाही. किती दिवस ते सांगत नाहीत, मीही बाहेर जाऊन विचारलेलं नाही. मला गाईंमुळे रोज राहता येत नाही, आणि मधे हा रस्ता. मी जाते तेव्हा त्याच्याजवळ असते, बाकीचा वेळ तो छताकडे बघत पडून असतो. तिसरा मजला, दारापासून दुसरा पलंग.

सिग्ने


फार्गो
२६ फेब्रुवारी १९७९

सिग्ने,

रस्त्यापलीकडे एका विधवेच्या घरात खोली घेतली आहे. खिडकी हॉस्पिटलच्या मागच्या दाराकडे उघडते. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

शनिवारी गेलो तेव्हा तो झोपला होता. मी टोपी मांडीवर घेऊन बसलो. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "तू म्हातारा झालास." मी म्हणालो, "हेल्मर, शेताबद्दल मला..." त्यानं हात वर केला. "शेत नको. शेवटी शेतच बोलायचं असेल तर उठून जा. मला पाणी मोजून देतात, ओठ कोरडे पडतात. तो ओला कापूस घे आणि ओठांना लाव. नर्स घाई करते."

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. माफ केलं असं तो म्हणालेला नाही आणि मी विचारलेलं नाही. यंत्र चालू असताना त्याला थंडी वाजते, तेव्हा पाय चोळतो. तो मला चुका दाखवतो. आज म्हणाला, सिग्ने याहून जोरात चोळते.

तो तुझी वाट बघतो, पण तू घाई करून निघावंस असं त्याला वाटत नाही. क्लेटन म्हणेल तेव्हाच नीघ, त्याच्या केबिनमध्ये बसून ये. वारा असेल त्या दिवशी घरी थांब. त्या दिवशी इथे मी असतो. सकाळी दार उघडल्यापासून रात्री मला बाहेर काढेपर्यंत.

आर्विड